धागा आणि धाग्याचा धनी

आपल्या भाषेने धाग्याला फार मोठा मान दिला आहे. ग्रंथाचे सार ते सूत्र, कारभार चालविणारा तो सूत्रधार आणि दोन माणसांचे पटले म्हणजे त्यांचे सूत जुळले. विवाहाची खूण मंगळसूत्रात, बहिणीची माया राखीत, आणि वटसावित्रीचे व्रतही वडाला गुंडाळलेल्या सुतावाचून पुरे होत नाही. एवढा मान मिळविणारी ही वस्तू मूळची मात्र अत्यंत दुबळी होय. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांबीचा. असे असंख्य तंतू सरळ करून, एकमेकांलगत ठेवून पिळले की त्यांच्यातील घर्षण त्यांना धरून ठेवते. पीळ कमी पडला तर तंतू निसटतात, जास्त झाला तर धागा आकसून गाठाळतो. धाग्याचे सारे बळ या पिळात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा पीळ लोकरीला दिला जातो, कापसाला दिला जातो आणि चामडेही येथे दोऱ्याचे काम करते. या तिन्ही धंद्यांकडे पाहताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : धागा कोणाचा? कारागिराची मिळकत त्याच्या कौशल्याइतकीच या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिली आहे.

प्रथम घोंगडीचा विचार करू. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. जुन्या व्यवस्थेत लोकर धनगराची स्वतःची असे. घरातील स्त्रिया ती पिंजून सूत काढीत आणि सनगर किंवा खुटेकर धनगर ते खड्ड्याच्या मागावर विणीत. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्याची खळ लावली जाते. ती कुंच्याने सारखी फिरविणे हे मोठे सरावाचे काम आहे, कारण खळीवाचून लोकरीचा भरड धागा मागावर टिकत नाही. पावसात डोक्यावरून घेतलेली घोंगडीची खोळ ज्याने पाहिली आहे, त्याला तिची थोरवी सांगावयास नको. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा व खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. जो आपल्या धाग्याचा धनी आहे, तोच तो अशा मुक्त हस्ताने उधळू शकतो. मात्र आज लोकरीला येणाऱ्या भावात कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही. धनीपण टिकले, पण मोल गेले, असे म्हणणे भाग आहे.

आता सुती धाग्याकडे वळू. त्याची जाडी ‘नंबरा’ने सांगतात. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका सुताचा नंबर. म्हणजे ४० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी ३३,६०० वार भरते. किलोचा हिशेब केला तर ती सुमारे ६८ किलोमीटर होते. कोल्हापूरहून इचलकरंजीला जाऊन परत आल्यावरही हा धागा शिल्लक राहील! नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, हे नवख्यास उलटे वाटते. परंतु बाजारात सुताचा भाव, कापडाचा पोत आणि मागाची गती या नंबरावरच ठरतात.

छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणी उभारली. सूतकताई व विणकाम एकाच छपराखाली आणणारी ही शाहू मिल २००३ साली बंद पडली. इचलकरंजीची वाट वेगळी. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे घराघरांतून, लहान लहान शेडमधून माग वाढत गेले. कापूस न पिकणाऱ्या मुलखात वस्त्रनगरी उभी राहिली.

तेथील एखाद्या शेडमध्ये उभे राहिले म्हणजे धाग्याची खरी परीक्षा दिसते. सूत प्रथम सायझिंगमध्ये जाते. खळ घेऊन, वाळून ते बीमवर गुंडाळले जाते. नंतर वहिफणी करणारे कामगार एकेक उभा धागा वहीतून आणि फणीच्या दातांतून ओवतात. हजारो धाग्यांपैकी एक चुकला तरी ती चूक ठाणभर चालते. कांड्या भरण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात. कांडी धोट्यात बसते आणि धोटा ताण्यातून ये-जा करू लागतो. साध्या मागावर आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर थांबत नाही; तेथे कामगाराची नजरच लागते. एकाच वेळी अनेक माग सांभाळणारा हा माणूस त्या गोंगाटात तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि पुन्हा माग चालू करतो. मजुरी पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे सूत कमअस्सल असले तर भुर्दंड त्याच्या मजुरीला बसतो, आणि ते सूत निवडण्यात त्याचा हात नसतो.

मागाच्या मालकाचीही स्थिती पुष्कळदा याहून फार निराळी नसते. इचलकरंजीत ‘खर्चीवाला’ हा शब्द रूढ आहे. व्यापाऱ्याचे सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देणारा तो खर्चीवाला. माग त्याचा, वीजबिल त्याचे, धागा मात्र दुसऱ्याचा. सुताचे भाव चढले तर व्यापारी काम आवरतो, उतरले तर मजुरी घटवितो. दोन्ही वेळा माग थंड पडतो तो खर्चीवाल्याचा. हे ओळखूनच सहकारी सूतगिरण्यांचा मार्ग येथे चोखाळला गेला. डेक्कन सहकारी सूतगिरणी व स्त्रियांच्या सभासदत्वावर उभी राहिलेली इंदिरा गांधी महिला सहकारी सूतगिरणी ही त्याची ठळक उदाहरणे होत. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात यंत्रमागाचा विचार आहे. तरी वीजसवलतीने खर्चीवाल्याचा खर्च हलका होतो, धागा त्याचा होत नाही, हे नमूद केले पाहिजे.

गुजरीतील सोने-चांदी घडविणारा सोनार सर्वांना ठाऊक असतो. दागिना गाठवून देणारा पटवेकरी क्वचितच कोणाला आठवतो. दोरा झिजून मणी विखुरले म्हणजे तेवढी त्याची वाट धरली जाते.

कोल्हापुरी चपलेचा दोरा म्हणजे चामड्याची वादी. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे थर या वादीने शिवतात. अस्सल चपलेत खिळा नसतो. पट्ट्यावरील वेणी घालण्याचे नाजूक काम बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. येथे दोरा कारागीर स्वतः कापतो. तथापि नक्षीचा धनी कोण, हा वाद उरतोच. २०२५ साली मिलान येथील एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखीच पादत्राणे मूळ उल्लेखाविना मांडली, आणि टीका झाल्यावर भारतीय कारागिरीशी असलेले त्यांचे नाते मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांस लागू आहे. महाराष्ट्रात हे जिल्हे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर होत. ही नोंद लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकार या दोन महामंडळांच्या नावे आहे. मात्र त्या नावाचा कायदेशीर वापर करण्यासाठी कारागिराला स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वेणी घालणाऱ्या स्त्रियांनीही ती आपल्या नावाने करून घेणे इष्ट होय.