आतून लागलेली कडी

पुणे,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. बाळास,


परवा तुझा फोन आल्यापासून मनात हेच चालू आहे. गवंडी महिनाभर मोकळा नाही, तेव्हा संडासातलं जुनं भांडं आपणच काढू आणि आजीसाठी कमोड बसवू, असं तू म्हणालास. लगेच आवाज खाली आणून हेही म्हणालास, "पण काका, पोरं म्हणतात, असलं काम कुणी स्वतः करतं का?" मी फोनवर नुसतं "कर" म्हणालो. तेवढं पुरेसं नव्हतं. चाळीस वर्षं मी पुण्यात नळ आणि संडास बसवण्याचंच काम केलं, त्यावर घर चालवलं. तुला नीट उत्तर मी देणं लागतो.

दिवाळीत जेऊरला होतो तेव्हा एक गोष्ट पाहिली. आजी संडासात गेली की आतून कडी लावत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं आणि तुझी आई बाहेर उभी असते. विचारलं तर आजी म्हणाली, "बसलं की उठाया येत न्हाई. कडी लावली तर काढंल कोण?" या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती पहाटेच्या अंधारात रुळांच्या पलीकडे जायची. उजाडलं की संध्याकाळपर्यंत पोट धरून राहायचं. पुढे तुझ्या वडिलांनी स्वच्छ भारत अभियानाचं बारा हजारांचं अनुदान घेऊन, त्यात पदरचे पैसे घालून संडास बांधला, तेव्हा तिला पहिल्यांदा आडोसा मिळाला. आता गुडघ्यांनी तो आडोसा परत काढून घेतला. तुझ्या कामाचं मोल इथून मोज.

आता पोरं म्हणतात त्याबद्दल. कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव तू ऐकलं नसशील. त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करायचं काम मलाही द्या, अशी त्यांनी मागणी केली. त्यांच्या जातीच्या माणसाला ते काम देता येत नाही म्हणून तुरुंगाने नकार दिला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्या डिसेंबरात त्यांच्या बाजूने उपवास धरला. जे काम जन्मावरून काही माणसांच्या माथी मारलं होतं, ते करू द्या म्हणून एक शिकलेला माणूस भांडत होता. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि सोप्या संडासांचे, मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग आयुष्यभर केले. आपल्या घरची घाण आपण हाताळली नाही तर ती नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते. आपल्याकडे ती कुणाच्या हातात जात होती हे तुला सांगायला नको. पोरांना एवढं सांग. पटलं नाही तर वाद घालू नकोस, छिन्नी घेऊन कामाला लाग.

आता काम. भांडं विकत आणण्याआधी मोजमाप घे. तुला वाटते तेवढी संडासाची खोली मोठी नाही. कमोड भिंतीपासून पुढे साधारण सव्वादोन फूट येतो. त्यापुढे आजीला वळायला, पाय ठेवायला जागा उरते का ते जमिनीवर खडूने आखून बघ. आपलं दार आत उघडतं. ते काढून बाहेर उघडणारं कर. म्हातारं माणूस आत पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर ते त्याच्याच अंगाला अडतं आणि आत जाता येत नाही.

मग पाइपाचं माप. आपली लाइन फरशीखालून जाते, म्हणून खाली तोंड असलेला कमोड घे. दुकानदार त्याला एस ट्रॅप म्हणतो. मागच्या भिंतीपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते विचार. बहुतेक नऊ इंच असतं, पण चार आणि बारा इंचांचेही कमोड मिळतात. हे अंतर टाइल लावलेल्या भिंतीपासून धरायचं. विटेपासून मोजलंस आणि नंतर टाइल लावलीस, तर टाकी भिंतीला अडेल. बैठकीची उंचीही बघ. साधे कमोड सोळा इंचांच्या आसपास असतात. आजीला सतरा-अठरा इंच बरे पडतील. जेऊरला मिळालं नाही तर करमाळा किंवा कुर्डुवाडी गाठ, पण माप न घेता स्वस्त म्हणून काही उचलू नकोस.

भांडं फोडताना हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चिनी मातीचा तुकडा काचेसारखा कापतो. आधी बादलीभर पाणी ओतून लाइन धुऊन घे. भांड्याच्या कडेचा कोबा छिन्नीने हळूहळू मोकळा कर. भांडं निघालं की पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घाल. त्याला सुतळी बांध आणि सुतळीचं टोक बाहेर खिळ्याला अडकव. पहिल्या वर्षी मी एका घरी असा बोळा सुतळीशिवाय घातला आणि विसरलो. आठ दिवसांनी त्या घरच्या बाईंच्या अंगणात चेंबर उलटला. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, नुसत्या रडल्या. तेव्हापासून सुतळी बांधल्याशिवाय मी बोळा घातलेला नाही.

जुन्या भांड्याखाली एक वाकडा नळा आहे, त्यात कायम पाणी अडलेलं असतं. तो ट्रॅप. खड्ड्यातला वास घरात येऊ नये म्हणून तो असतो. नव्या कमोडच्या पोटात स्वतःचा ट्रॅप असतोच. म्हणून जुना ट्रॅप काढलाच पाहिजे. वरच्यावर काम उरकायचं म्हणून पुष्कळ लोक तो तसाच ठेवून त्यावर कमोड बसवतात. मग दोन ट्रॅपच्या मधे हवा कोंडते, पाणी वर चढून उभं राहतं आणि मैला पुढे सरकत नाही. जुना ट्रॅप काढून चार इंची पीव्हीसी पाइप आणि बेंड लाव. चेंबरपर्यंतची जुनी लाइन तीन इंची निघाली तर तीही बदल. पाइपाला चाळीस फुटांना एक फूट तरी ढाळ पाहिजे, आपल्या थोड्या अंतरात त्याहून जास्त दिलास तर उत्तम. ढाळ डोळ्यांनी ठरवू नकोस, पाणसळ लावून बघ.

कोबा भरलास की त्यावर आठवडाभर पाणी मार. ओल्या कोब्यात स्क्रू धरत नाही. त्या दिवसांत आजी कुठे जाणार हे आधी ठरव. शेजारी बोलून ठेव, नाहीतर कमोडची खुर्ची कुणाकडून तरी मागून आण. काम आपलं आणि हाल तिचे, असं व्हायला नको.

कमोड आधी नुसता ठेवून बघ. पाणसळ आडवी-उभी दोन्ही धर. जोडाचं रबर नीट बसलंय ना ते हाताने चाचप. मग बुडाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसर आणि दोन बादल्या पाणी ओत. कागद ओला झाला तर जोड गळतोय. स्क्रू रबराच्या वायसरवर बसव आणि दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळ. एकच बाजू जोर लावून आवळलीस तर चिनी माती तडकते. बुडाखाली सिमेंटचा थर देऊन कमोड कायमचा गाडू नकोस. उद्या काढायची वेळ आली तर फोडावाच लागेल. कडेने पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भर, पण मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोड. कधी गळती झाली तर पाणी तिथून बाहेर येईल आणि तुला कळेल. लपलेली गळती भिंत खाते.

पाण्याचा विचार वेगळा कर. आपलं जुनं भांडं खोल ढाळाचं आहे, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. कमोडला एका वेळी सहा लिटर लागतील, म्हणजे ओतायच्या पाण्यापुरतं धरलं तरी शोषखड्ड्यात निदान तिप्पट पाणी जाणार. उजनी धरण जवळ असलं तरी उन्हाळ्यात आपल्या घरात पाण्याचे हाल काय असतात ते तुला ठाऊक आहे. म्हणून तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेली टाकी घे, आणि लहान कामाला लहान बटण दाबायची सवय सगळ्यांना लाव. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी लवकर पीत नाही. काम सुरू करण्याआधी चेंबरचं झाकण काढून बघ. चेंबरमध्ये पाणी तुंबलेलं दिसलं तर आपल्या दोन खड्ड्यांपैकी चालू खड्डा बहुतेक भरत आला आहे. मग त्याचं तोंड बंद करून दुसरा खड्डा चालू कर. पहिला दोन वर्षं तसाच राहू दे. तेवढ्यात आतल्या मैल्याची माती होते, वास राहत नाही. ते सोनखत झाडाला घालता येतं.

आता जे सांगतो ते शपथेसारखं पाळ. चेंबर उघड, पण खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत तू उतरायचं नाहीस आणि पैसे देऊन दुसऱ्या कुणाला उतरवायचं नाहीस. त्यात मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. मी तरुण असताना एका ठेकेदाराने आमच्यातल्या एकाला कमरेला दोर बांधून टाकीत सोडलं. दोन मिनिटांत दोर सैल झाला. आम्ही चौघांनी ओढून वर काढला, तो वाचला. पण त्याचा तो निळा पडलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. वाचवायला म्हणून मागोमाग उतरणाराही आत राहतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा ठरवलं आहे, पण कायदा दारात उभा राहत नाही, घरमालक राहतो. टाकी भरली तर मशीनची गाडी बोलाव. स्वतःच्या हाताने काम कर म्हणून मी तुला सांगतोय, ते याच एका ठिकाणी थांबतं. आपल्या संडासाचा पाइप जोडणं हे आपलं काम. विषाच्या खड्ड्यात उतरणं हे कुणाचंच काम नाही.

आता दांडीचं काम. कमोडच्या उजव्या बाजूच्या भिंतीला स्टीलची दांडी लाव. प्लास्टरमध्ये नाही, विटेत भोक पाडून. लावल्यावर स्वतः तिला लोंबकळून बघ. तुझं वजन पेललं तरच ती आजीची. दाराला नवी कडी घेशील ती अशी घे, की अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. आजीला ते उघडून दाखव, म्हणजे तिची भीती जाईल.

सिलिकॉन भरण्याआधी आजीला एकदा नेसलेल्या साडीनिशी कमोडवर बसव. दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, दांडी हाताला येते का, कुणाचा हात न धरता उठता येतं का, हे तिलाच विचार. दांडी इंचभर खाली हवी असं ती म्हणाली, तर भोक पुन्हा पाड. काम तिच्या मापाचं व्हायला हवं, तुझ्या सोयीचं नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुझी आई सवयीने बाहेर येऊन उभी राहील. तिला आत जायला सांग. मग तू ओट्यावर बसून ऐक. आतून कडी लागली की मला फोन कर, कितीही लवकर असू दे.

तुझ्या आई-वडिलांना नमस्कार. आजीच्या पायावर माझं डोकं ठेव.

तुझा
काका