पोटरीवरची घट्ट बाही : उपयोग किती, धोका कुठे?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढणारे धावपटू आपण पाहिले असतील. २०१२ पासून भरणाऱ्या या २१ किलोमीटरच्या शर्यतीत अनेकांच्या पोटऱ्यांवर, पाऊल कापलेल्या मोज्यासारखी घट्ट बाही दिसते. आता सातारा-सांगलीच्या मैदानांवर भरतीचा सराव करणारी मुलेमुलीही ती घालतात. हिलाच ‘कॉम्प्रेशन स्लीव्ह’ म्हणतात.

तिचे काम समजून घेऊ. पायातील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे न्यावे लागते. पोटरीचा स्नायू आकसला की नीला दाबल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात. चांगली बाही घोट्याशी जास्त व गुडघ्याकडे कमी दाब देऊन या कामाला हातभार लावते. शिवाय पाऊल आपटताना स्नायूला बसणारे हादरे कमी होतात आणि स्नायू उबदार राहतो.

मग वेग वाढतो का? धावपटूंवरील बहुतेक अभ्यासांत वेळेत विशेष फरक आढळलेला नाही. व्यायामानंतरचा ठणका मात्र काहींना कमी जाणवतो. म्हणजे बाही आधार देते, ताकद देत नाही.

खरा धोका पुढेच आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तारीख जवळ आली की सराव एकदम वाढतो, तोही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी. नडगी दुखू लागते. बाही घातली की बरे वाटते आणि पळणे चालूच राहते. नडगीच्या आतल्या कडेने पसरलेले दुखणे बहुधा विश्रांतीने ओसरते. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असे नाही. अशा वेळी पळणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही आठवड्यांची विश्रांती जिवावर येते खरी; पण तसेच पळत राहिल्यास हाड पूर्ण मोडून सारी मेहनत वाया जाऊ शकते.

हे लक्षात ठेवा :

१. बाही पोटरीच्या घेराच्या मापानेच घ्यावी. मुंग्या आल्या, बोटे गार किंवा निळसर पडली, तर लगेच काढावी.

२. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी व पायाचा रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घालू नये.

३. एकच पोटरी अचानक सुजून गरम व दुखरी झाली, तर बाही घालू नये, चोळूही नये. नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.

सराव दर आठवड्याला थोडाथोडा वाढवावा, शक्यतो मातीवर पळावे, बूट वेळेवर बदलावेत. आणि दुखणे हा शरीराचा निरोप असतो; तो बाहीखाली झाकून ठेवू नये.