सिकलसेलच्या घराला कसला सल्ला हवा

सिकलसेलच्या रुग्णाला ‘मन खंबीर ठेवा, दुखणे आपोआप पळेल’ असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे, असे माझे ठाम मत आहे. दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्यांना दिशा दाखवणारे ‘लाइफ कोच’ शहरांत बरेच झालेत; त्यांची भाषा मोबाइलवरून नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातही पोहोचू शकते. धीर देणे वाईट नाही. पण या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. मन कमकुवत म्हणून त्या येत नाहीत. तसे भासवले की माणूस दुखणे लपवतो, दवाखान्यात उशिरा जातो आणि वर स्वतःलाच बोल लावत बसतो. सल्ला हवा तो दिवस कसा काढायचा याचा, आणि तोही एकट्या रुग्णाला नव्हे, सगळ्या घराला.

जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा, मावची समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि इथलीच कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. डॉक्टर सांगतात: पाणी भरपूर प्या, थंडीपासून जपा, अति श्रम टाळा. आता ऊसतोड पाहा. पहाटेच्या गारठ्यात दंवाने ओला ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून नेऊन गाडीत भरायची. आडोसा नसतो म्हणून बाई पाणी पिणेच कमी करते. शिवाय मुकादम माणूस मोजत नाही, ‘कोयता’ मोजतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाला कळा आल्या की दुसऱ्याचेही काम अडते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते. अशा बाईला नुसते ‘पाणी पीत जा’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे. तिच्या नवऱ्याशी, सासूशी, जमले तर मुकादमाशीही बोलावे लागते: मोळी कोणी उचलायची, कळा आल्या तर तिला दवाखान्यात कोण नेणार, त्या दिवसाचा खाडा कसा धरायचा.

घराला शिकवल्याने जीव वाचतात, याचा पुरावा जमैकात मिळाला. सिकलसेलच्या लहान मुलांची पानथरी कधी कधी अचानक रक्ताने फुगते आणि काही तासांत मूल दगावू शकते. तिथल्या डॉक्टरांनी पालकांना मुलाचे पोट चाचपायला शिकवले. डाव्या बरगडीखाली बोटांनी हलके दाबायचे. हाताला लागणारा गोळा एकाएकी मोठा झाला, मूल पांढरेफटक पडले, की थेट दवाखाना. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे प्रसंग जास्त संख्येने ओळखले गेले आणि त्यातले मृत्यू खूप घटले. यंत्र लागले नाही, महाग औषध लागले नाही. रीतसर शिकवले तर आमच्या आशाताई हे पाड्यापाड्यावर नेऊ शकतील.

कोणी म्हणेल, आधी रक्त आणि डॉक्टर द्या, बोलण्याने काय होते? मागणी रास्त आहे, ती सोडूच नये. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांतले कळांचे प्रसंग जवळपास निम्म्यावर येतात, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसले. पण ही कॅप्सूल नेमाने घ्यावी लागते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते. महिनोन्‌महिने ऊसतोडीच्या तळावर राहणाऱ्या घरात हे कोणी सांभाळायचे ते ठरले नाही, तर औषध असून नसल्यासारखे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: तपासणीमुळे मुलींची लग्ने अडतात. अडू शकतात, विशेषतः हातात तपासणीचे कार्ड दिले पण नीट समजावले नाही तर. वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेला माणूस, सहसा आजारी नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. यात एकट्या मुलीवर ठपका ठेवायला आधारच नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणीइतकाच वेळ नंतरच्या बोलण्याला मिळायला हवा.

हे बोलणे पावसाळ्यातच व्हावे, टोळी ठरण्याआधी. किती महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्यायच्या, तळाजवळचा सरकारी दवाखाना कोणता, हे तेव्हाच विचारून घ्यावे. आणि रुग्णाचा ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर कोणाची परवानगी न मागता दवाखाना गाठायचा, हे उचल हातात घेण्यापूर्वी मुकादमाच्या तोंडावर ठरवून घ्यावे.