खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे ‘कालनिर्णय’ टांगलेलं असायचं. तारखेच्या चौकोनात आई दुधाचा हिशेब लिहायची. भय्या आला नाही की ‘खाडा’. महिनाअखेरीला खाडे मोजून पैसे वजा. गॅसचा सिलिंडर कधी लावला, तेही त्याच चौकोनात. मी दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळेला खाडा करायचे, मग कॉलेजला, मग नोकरीवर. त्याची नोंद मात्र घरात कुठेच नव्हती. तेहेतिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दुखणं कधीपासून आहे? महिन्यातून किती दिवस? पाळीच्या आधी सुरू होतं की नंतर?” मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. “पहिल्यापासूनच,” एवढंच म्हणाले.

मी वाढले गिरगावात, मुगभाटातल्या चाळीत. पाळी आली १९९१ साली, तेराव्या वर्षी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासूनच ओटीपोट पिळवटून निघायचं, कळ मांड्यांत आणि पाठीत उतरायची, उलट्या व्हायच्या. आजी ओवा-गूळ द्यायची, आई गरम पाण्याची पिशवी. त्या पिशवीला मी आजही नावं ठेवणार नाही, शेकाने खरंच आराम पडतो. नावं ठेवायची ती सोबत मिळणाऱ्या वाक्यांना. “बाईचा जन्म आहे, सोसायला शीक.” मग “लग्न झालं की थांबेल.” लग्न होऊन ठाकूरद्वारला आले, तर “एक मूल झालं की सगळं मोकळं होतं.” दर वेळी पुढची तारीख.

सगळ्यात वाईट आठवण गॅलरीच्या टोकाची आहे. सकाळी बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहायचं, पुढे शेजारचे काका, मागे त्यांचा मुलगा. आत गेल्यावर शौचाला बसताना अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी. कडी धरून उभी राहायचे, आणि बाहेर येताना चेहरा नेहमीसारखा करायचे. हे दुखणं फक्त पाळीच्या दिवसांतच होतं, पण मी ते आईलासुद्धा सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्याजवळ जातानाही आत खोलवर दुखायचं. तेही सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगायचे मी फक्त ‘पोटात दुखतं’. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं गेलं, पुढची काही वर्षं अ‍ॅसिडिटीचं औषध चाललं, एकदा जंताचंही. त्या डॉक्टरांना सगळा दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. ज्या दोन गोष्टींवरून नेमका संशय आला असता, त्याच मी लपवल्या होत्या.

तेहेतिसाव्या वर्षी कळलं, आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, त्यासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आवरणावर, आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या संप्रेरकांना त्याही प्रतिसाद देतात, तिथे दाह होतो, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. माझा बीजांडकोश आणि गुदाशयाजवळचं आतडं असं चिकटलं होतं. बीजांडकोशात जुनं, तपकिरी रक्त साठून गाठ झाली होती, तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. हा दुर्मीळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो आहे, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी. आपल्या चाळीच्या एका मजल्यावर अशा वयाच्या दहा-बारा बायका असतील, तर हिशेब तुम्हीच करा. आणि आणखी एक, दुखणं किती आहे यावरून आजार किती पसरलाय ते कळत नाही. थोड्याशा ठिपक्यांनी एखादी लोळागोळा होते, आणि मोठी गाठ असून एखादीला पत्ताही नसतो. म्हणून “माझं नव्हतं बाई इतकं दुखत” या बोलण्याला काही अर्थ नाही.

पाळीत थोडंफार दुखणं अनेकींना असतं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी स्नायू आवळतात आणि कळा येतात. असं दुखणं साध्या औषधाने, शेकाने आटोक्यात येतं. गोळी घेऊनही शाळा, काम, जेवण, झोप दर महिन्याला बुडत असेल, दुखणं पाळीच्या आधीच सुरू होऊन नंतरही रेंगाळत असेल, वर्षागणिक वाढत असेल, शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर ते सोसायचं दुखणं नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.

गोळ्यांबद्दल मी पोटतिडकीने सांगते, कारण तिथे मी फार चुकले. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे आवाज खाली आणून “ती पाळीची गोळी द्या” म्हणायचं, तो वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. वर्षानुवर्षं डॉक्टरांना न विचारता मेफेनॅमिक अ‍ॅसिड. दुखणं असह्य झाल्यावर ते घ्यायचं, तेही रिकाम्या पोटी, मग एकावर एक. या जातीचं औषध प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतं, म्हणून ते कळा कळसाला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलं तर उपयोगी पडतं. हे मला वीस वर्षं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने याच औषधाबद्दल इशारा दिला, की क्वचित एखाद्या रुग्णाला ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा करणारी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. घाबरून गोळी टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण कोणती, किती, केव्हा, हे डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि गोळीनंतर ताप-पुरळ दिसलं तर लगेच दाखवा. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून याच मुंबईत शरीराबद्दल उघडपणे लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. आपण अजून केमिस्टपुढे आवाज खाली आणतो, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी चूक सोनोग्राफीची. सव्विसाव्या वर्षी केली, रिपोर्ट ‘नॉर्मल’. सासूबाई, नवरा, मी, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि माझं दुखणं त्या दिवसापासून ‘मनाचं’ ठरलं. साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते, पण पसरलेले बारीक ठिपके आणि चिकटलेली जागा सुटून जाऊ शकते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: तपासणीत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून पाहिल्याशिवाय उपचार सुरूच करायचे नाहीत, हा जुना आग्रहही त्यांनी सोडला. तेव्हा ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना सरळ विचारा, “मग हे दुखणं कशाचं? एंडोमेट्रिओसिस असू शकेल का?” सात वर्षं आधी मी हा एक प्रश्न विचारायला हवा होता.

माझी शस्त्रक्रिया झाली, नंतर संप्रेरकाच्या गोळ्या. दुखणं पुष्कळ कमी झालं, संपलं नाही. हा आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही, आणि तो उलटूही शकतो. पस्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी सुचवलं, “पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.” मी दुसरीकडे सल्ला घेतला म्हणून वाचले. आतड्यावरचा आजार तिथेच ठेवून नुसती पिशवी काढली असती, तर दुखणं राहिलंच असतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत ऊसतोडीला खाडा झाला की मुकादमाकडे पैसे कापले जायचे. तिथे खाड्याचा हिशेब चोख होता, बाईच्या दुखण्याचा नव्हता. कुठलीही शस्त्रक्रिया घाईने करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा पहिल्यांचा अपमान नाही.

संशोधनाच्या बाबतीतही आपला हिशेब उशिरा सुरू झाला. २०२३ साली ऑक्सफर्डच्या पुढाकाराने या आजाराचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६०,००० हून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या आणि जनुकसंचात आजाराशी निगडित ४२ जागा सापडल्या. पण त्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या. आपल्या बायका त्यात नाहीत. ती उणीव भरायचं काम चाललंय ते आमच्यापासून चार-पाच स्टेशनांवर, परळला. जहांगीर मेरवानजी मार्गावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) प्रजनन आणि बाल आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या एंडोमेट्रिओसिसचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास उभा राहिला, देशाच्या वेगवेगळ्या भागांतली रुग्णालयं त्यात जोडली गेली. रक्ताच्या नमुन्यांइतकंच महत्त्व अशा अभ्यासात प्रश्नावलीला असतं. दुखणं कधी सुरू झालं, कुठे, किती दिवस, काय काय बुडलं. मला तेहेतिसाव्या वर्षी विचारले होते तेच हे प्रश्न.

आणि आता ज्याची मला सर्वांत जास्त टोचणी आहे ते. हे सगळं भोगून, कळून झाल्यावरही, माझी भाची पंधरा वर्षांची असताना परीक्षेच्या सकाळी पोट धरून माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला म्हणाले, “गोळी घे आणि जा, होतं असं.” ती गेली. दुसऱ्या पेपराला वर्गात चक्कर येऊन पडली. संध्याकाळी म्हणाली, “आत्या, तुलासुद्धा खरं वाटलं नाही?”

आता तिच्या घरी दारामागच्या कालनिर्णयात दुधाच्या शेजारी तिची नोंद असते. पाळी सुरू, संपली. दुखणं दहापैकी किती. कुठे दुखलं. गोळी घेतली का, किती वाजता. शौचाला त्रास झाला का, त्यासाठी एक फुली, घरातल्या बाकीच्यांना कळू नये म्हणून. आणि शाळा-कॉलेज बुडलं तर ‘खाडा’, आई लिहायची तसाच. चार महिन्यांची पानं घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती एकेक करून वाचली, आणि पहिल्याच भेटीत मनावर घेतलं.

घरातली मुलगी पाळीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजली असेल, तर आज तिच्याजवळ बसा. कुठे दुखतंय, किती दुखतंय, विचारा. ती सांगेल ते आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा.