लंबकाचं उत्तर कमी का येतं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला लंबकावरून ‘जी’ ९.८ऐवजी ९.४ आला. मित्र म्हणतात, आकडे जुळवून टाक. काय करू?

उत्तर : जुळवू नका. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का? नुसता दोरा २५ सेंटिमीटर मोजला आणि गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या राहून गेली, तर उत्तर जवळपास ४ टक्क्यांनी घटतं. तुमचंही तेवढंच घटलंय! (२० आंदोलनं ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून मोजली असती, तर ते वाढलं असतं.) लांबी बदलून पाच-सहा वाचनं घ्या, आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढा. त्रिज्या राहून गेली असेल, तर रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही, पण तिच्या चढावरून ‘जी’ बरोबर निघेल. जर्नलमधला ९.४ मात्र खोडू नका.