मृत्युपत्र व त्याचे साक्षीदार

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात जमावातील एक मनुष्य प्रभूकडे आपल्या भावाविषयी गाऱ्हाणे घेऊन येतो. वतनाचा वाटा मिळवून द्यावा, एवढीच त्याची विनंती असते. परंतु प्रभू तो निवाडा आपल्या हाती घेत नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र बापाचे मृत्युपत्र पेटीतून निघाले आणि भावंडांत तंटा उभा राहिला, की कागद घेऊन लोक प्रथम पाळकाच्या दारी येतात, व हा कागद खरा की खोटा हे त्याने सांगावे अशी अपेक्षा करतात. हे ठरविण्याचा अधिकार पाळकाला नाही, पंचांना नाही आणि तलाठ्यालाही नाही. तो न्यायालयाचा आहे. तेथे असा कागद कशाने टिकतो व कशाने पडतो, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल गारखेडा घेऊ. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगरच्या महानगरपालिकेच्या हद्दीत असून जेथे शेते होती तेथे वसाहती व क्रीडासंकुल उभे आहे. जागेचे मोल वाढले, तसे भावाभावांतले बोलणेही महाग झाले. समजा, तेथील एका ख्रिस्ती विधुर गृहस्थाने घर व जागा सर्वस्वी धाकट्या मुलाला लिहून ठेवली. थोरला मुलगा पुण्यास असतो, मुलगी जालन्यास दिली आहे. धाकट्याने बापाची अखेरपर्यंत सेवा केली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण मृत्युपत्राची वार्ता मात्र इतर दोघांस अंत्यविधीनंतरच कळली. आता तंटा कशाचा ते पाहा. मृत्युपत्र शाबीत झाले तर सर्व धाकट्याचे. न झाले तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे तिघांना सारखे वाटे. कारण त्या कायद्यात ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांत भेद नाही. आई हयात असती तर एक तृतीयांश तिला मिळून उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे वाटले गेले असते.

धाकटा म्हणेल, "मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, आणि फेरफारही माझ्या नावे झाला आहे." वाचकहो, या दोन गोष्टींवर आमचे लोक फार विसंबतात. फेरफाराची नोंद ही महसुलाच्या कामासाठी असते; तिने मालकी सिद्ध होत नाही. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, त्याला मुद्रांकही लागत नाही. नोंदणी केली तर पुराव्यास बळ येते खरे, परंतु केवळ तेवढ्याने मृत्युपत्र शाबीत होत नाही. तसेच २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांवरील प्रोबेटची सक्ती उठली, म्हणून काही जण न्यायालयाची पायरी चढण्याचे आता कारण उरले नाही असे समजतात. प्रोबेटची सक्ती गेली. शाबितीचा भार गेला नाही. थोरल्या भावाने दिवाणी दावा लावला, की त्या दाव्यातही धाकट्यास तेच सिद्ध करावे लागेल.

मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असल्यास प्रोबेट, नसल्यास मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र, यासाठी जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज होतो. जवळच्या वारसांना सूचना जातात. ज्याला हरकत आहे तो कॅव्हेट दाखल करतो, आणि मग तो अर्ज दाव्याचे रूप घेतो. अर्जदार वादी, हरकतदार प्रतिवादी. या कामात न्यायालय एवढेच पाहते की मृत्युपत्र खरे आहे काय. ती मिळकत मुळात मयताची होती काय, हा वाद निराळा चालवावा लागतो. गारखेड्याच्या लोकांना यासाठी दूर जावे लागत नाही. जिल्हा न्यायालय शहरातच आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठही १९८१ पासून तेथेच आहे.

आता मुख्य गोष्ट. कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा केला पाहिजे, आणि निदान दोन साक्षीदारांनी त्यावर साक्ष घातली पाहिजे. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझी" असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे. आणि साक्षीदाराने स्वतःची सही त्याच्या समक्ष केलेली असावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असे कायदा म्हणत नाही. आत काय लिहिले आहे ते साक्षीदाराला ठाऊक असण्याचीही गरज नाही. पुढे न्यायालयात या दोघांपैकी निदान एकाला, तो हयात असल्यास, उभे करावेच लागते. हा नियम पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमात आहे.

"एक साक्षीदार पुरे" हे वाक्य ऐकून पुष्कळ जण फसतात. भोईर विरुद्ध कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिलेला निकाल यासाठीच लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथे एक साक्षीदार तपासण्यात आला; परंतु दुसऱ्यानेही रीतसर साक्ष घातली, हे त्याच्या जबानीतून सिद्ध झाले नाही. दुसरा साक्षीदार हयात असूनही त्याला तपासले नाही. मृत्युपत्र पडले. न्यायालयाचे म्हणणे असे की बोलणारा एक असला तरी शाबीत दोघांची साक्ष व्हावयाची आहे. जो एक उभा राहील त्याला दुसऱ्याविषयीही सांगता आले पाहिजे. म्हणून कायदा मोकळीक देत असला तरी आमचा आग्रह असा की दोन्ही साक्षीदार एकाच वेळी, एकाच खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांदेखत सही करोत. यिर्मयाने अनाथोथचे शेत विकत घेतले तेव्हा करारपत्रावर साक्षीदार घातले व सर्वांसमक्ष ते बारूखाच्या हाती दिले. तो खरेदीचा कागद होता, मृत्युपत्र नव्हे. पण लपूनछपून झालेला कागद व चारचौघांत झालेला कागद यांतला फरक त्या काळीही लोक जाणत होते.

साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून वयाने लहान असावेत, व पत्ता लागेल असे असावेत. दोघेही मरण पावले तर निदान एका साक्षीदाराचे व मयताचे हस्ताक्षर ओळखणारा मनुष्य शोधावा लागतो, आणि ते काम कठीण पडते. आणखी एक गोष्ट ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. साक्षीदाराला, किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला, त्याच मृत्युपत्रात काही दिलेले असेल, तर साक्ष चालते पण ते दान रद्द होते. सेवा करणाऱ्या सुनेने सासऱ्याच्या मृत्युपत्रावर प्रेमाने साक्ष घातली, तर तिच्या नवऱ्याला दिलेले घर तेवढ्यानेच हातचे जाते!

सह्या शाबीत झाल्या म्हणजे सर्व झाले काय? नाही. मूळचे सातारचे व पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १३ नोव्हेंबर १९५८ रोजी वेंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यात जे विवेचन केले, ते आजही अशा प्रत्येक दाव्यात पुढे येते. त्याचा आशय असा: इतर कागदांचा कर्ता साक्ष देण्यास येऊ शकतो, मृत्युपत्राचा कर्ता येत नाही, म्हणून भोवती वहीम असेल तर तो दूर करणे हे मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याचे काम आहे, प्रतिवादीने तसा आक्षेप घेतलेला असो वा नसो. सही कापरी आहे. कर्ता अंथरुणास खिळलेला होता. जवळच्या वारसाला कारण न देता वगळले आहे. आणि सर्वांत मोठा वहीम म्हणजे ज्याला लाभ झाला त्यानेच वकील आणला, मजकूर सांगितला, साक्षीदार बोलावले. त्या खटल्यात मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने ते करण्यात पुढाकार घेतला होता व त्याच्या घरच्यांना मोठा लाभ होता. मृत्युपत्र टिकले नाही. आमच्या गारखेड्याच्या धाकट्या मुलाने प्रामाणिकपणे सर्व धावपळ केली असेल. तरी तीच धावपळ त्याच्या विरुद्ध बोलेल.

नामांकित घराण्यांसही हे चुकत नाही. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी वारले. त्यांच्या १३ डिसेंबर २०११ च्या मृत्युपत्रासाठी उद्धव ठाकरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेट मागितले; बंधू जयदेव यांनी वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती व त्यांच्यावर दडपण होते अशी हरकत घेतली. उपचार करणारे डॉक्टर व साक्ष घालणारे वकील यांच्या जबान्या झाल्या, आजारपणाचा तपशील उघड्या न्यायालयात निघाला, आणि अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी हरकत मागे घेतली. ज्या घरी वकिलांची वाण नाही तेथे मृत्यूनंतर सहा वर्षे गेली, तर मग आमच्या गरीब घरांची काय कथा?

मंडळीला दिलेल्या दानाविषयी दोन शब्द. ज्याला पुतणे-भाचे किंवा त्याहून जवळचे नातलग आहेत अशा ख्रिस्ती मनुष्याला पूर्वी मृत्यूच्या निदान बारा महिने अगोदर केलेल्या मृत्युपत्रानेच धर्मकार्यास मिळकत देता येत असे. केरळातील एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये ते कलम घटनाविरोधी ठरविले. अडसर गेला हे बरे झाले. तथापि मरणशय्येवर मंडळीच्या नावे होणाऱ्या मृत्युपत्राचा मजकूर पाळकाने लिहू नये व त्यावर साक्षही घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुले पुढे उपासनेस येईनाशी होतात ती याच कारणाने.

पुनर्विवाह करणाऱ्यांनी हेही जाणावे की ख्रिस्ती मनुष्याने लग्न केले की त्याचे आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. लग्न लावणाऱ्या पाळकाने वराला हे त्याच दिवशी सांगावे.

मूळ कागद कोठे ठेवावा, असे पुष्कळ जण विचारतात. न्यायालयास मूळ प्रतच लागते. पेटीतल्या कागदाला वाळवी लागते, आणि कधी कधी भाऊही लागतो. मोहोरबंद पाकिटात घालून ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. पाकिटावर कर्त्याचे नाव व आत काय आहे एवढेच लिहितात. हयातीत त्याला ते परत घेता येते. मृत्यूनंतर कोणी अर्ज केल्यास निबंधक ते अर्जदारासमक्ष उघडतो व त्याची नक्कल नोंदवहीत उतरवून घेतो.