डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यावे का?



कोणी माडावरून पडला, बैलाने उडवले किंवा ट्रॅक्टरवरून तोल जाऊन डोके आपटले, की घरातील वडीलधारी सांगतात, "त्याला झोपू देऊ नका, झोपला तर उठणार नाही!" मग तोंडावर पाणी मारून त्याला रात्रभर जागे ठेवतात. हेतू चांगला, पण समज चुकीची आहे.

झोपेमुळे मेंदूला अपाय होत नाही. खरे भय कवटीच्या आतील रक्तस्रावाचे असते. कधीकधी जखमी माणूस आधी नीट बोलतो-चालतो. काही तासांनी साचलेले रक्त मेंदूला दाबू लागते व त्याला गुंगी येते. लोकांना ती झोप वाटते. माणसाला जागे ठेवल्याने हा रक्तस्राव थांबत नाही.

म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी घरी पाठवले तर खुशाल झोपू द्यावे. मात्र निदान २४ तास कोणीतरी जवळ असावे. दारू किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

पुढील लक्षणे ध्यानात ठेवा: वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायांतील शक्ती जाणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, हलवूनही जागे न होणे. यांपैकी एक जरी दिसले, तरी उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. उंचावरून पडलेल्याची मान हलवू नका.

त्या रात्री जागायचे ते घरच्यांनी.